शेंदूर, डांबर, इपॉक्सी: खारपाणपट्ट्यातल्या लोखंडाची पार्श्वभूमी

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या काठाने खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग, पसरलेला आहे. तिथल्या एखाद्या जुन्या बोअरचा लोखंडी पाइप वर काढला की आट्यांपाशी नखानेही खपल्या निघतात. "हे पानी लोखंडालेबी सोडत नाई भाऊ," मोटार काढणारी पोरं म्हणतात. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन एवढंच पुरे असतं; पाण्यातला खार ते काम झपाट्याने उरकतो. आता पाण्याच्या टाकीला आतून इपॉक्सी, म्हणजे दोन डबे मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचा लेप, मारायचं म्हटलं की लोकांना ते काहीतरी नवं वाटतं. पण लोखंडावर लेप चढवायची खटपट फार जुनी आहे आणि तिची पहिली दोन सामानं आपल्याच गावात मिळायची.

पहिलं शेंदूर. शिवेवरच्या मारुतीला आपण तेलात कालवून फासतो तोच. म्हणजे शिशाचा ऑक्साइड. दुसरं जवसाचं तेल, आणि जवस तर विदर्भाचंच पीक. शेंदूर या तेलात घोटून लोखंडी पुलांना आणि जहाजांना पहिला हात द्यायची पद्धत जगभर होती. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो आणि शिसं त्या तेलातल्या आम्लांशी मिळून गंजाला अडवतं. पण शिसं विषारी. शिवाय सिमेंटच्या चुन्यासारख्या अल्कधर्मी गुणापुढे तेलाचा पापुद्रा टिकत नाही, त्याचा साबण होतो. म्हणून काँक्रीटवर हा उपाय कधी चाललाच नाही.

१८३७ मध्ये सोरेल या फ्रेंच इंजिनिअरने लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट घेतलं. आपल्या घरांवरची टिनं त्याच वाटेने आली. जमिनीत पुरायच्या पाइपाला मात्र डांबरच लागायचं.

इपॉक्सीचा जन्म गंजाच्या चिंतेतून झालेला नाही, याची मला नेहमी गंमत वाटते. १९३४ मध्ये जर्मनीत पॉल श्लॅक यांनी या जातीच्या रसायनांचं पेटंट घेतलं. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां दातांच्या कवळ्यांसाठी चांगला पदार्थ शोधत होते. त्यांनी १९३८ च्या सुमारास घट्ट होणारी इपॉक्सी राळ तयार केली. कवळ्यांचा धंदा काही जमला नाही, पण ही राळ धातूला सोडता सोडत नाही हे लक्षात आलं. त्यांचा हक्क सीबा कंपनीने घेतला आणि १९४६ मध्ये अराल्डाइट हा गोंद लोकांपुढे आला. तिकडे अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी याच राळेचे रंग आणि लेप बनवले.

याचं मर्म दोन डब्यांत आहे. एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारा हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं होतं आणि ते पुन्हा वितळत नाही. गळक्या पाइपाला लावायला एम-सीलचे दोन गोळे एक रंग येईपर्यंत मळतो, तेही हेच. पुढे डांबर आणि इपॉक्सी एकत्र करून धरणांचे दरवाजे आणि जमिनीतले पाइप रंगवले गेले. डांबरातल्या घातक घटकांमुळे पिण्याच्या पाण्याला तो लेप चालत नाही. टाकीच्या आत पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेला वेगळा इपॉक्सी लागतो.

मग गोष्ट काँक्रीटमधल्या सळईपर्यंत गेली. १९७३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका पुलाला इपॉक्सी चढवलेल्या सळया वापरल्या. तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते झिरपून सळया खायचं. आपल्याकडे अशा सळयांसाठी १९९३ मध्ये आयएस १३६२० हे मानक निघालं. पण १९८६ मध्येच फ्लोरिडातल्या समुद्रावरच्या पुलांत याच सळया गंजलेल्या सापडल्या होत्या. लेपाला ओरखडा गेला की तिथून खार आत शिरतो आणि लेपाखालून पसरतो.

खारपाणपट्ट्याला ही गोष्ट जास्त लागू पडते. काँक्रीटमधली सळई सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे सुरक्षित असते; मिठातला क्लोराइड पोचला की ते कवच फुटतं, गंज फुगतो आणि काँक्रीट तडकतं. म्हणूनच काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. इकडे मात्र पिण्याचं पाणी शहानूर किंवा वान धरणाचं आणि बांधकामाला जवळच्या खाऱ्या बोअरचं, असं सर्रास दिसतं. अशा टाकीला आतून कितीही झकास लेप द्या, मीठ आधीच भिंतीच्या पोटात बसलेलं आहे.

लेप देतानाची घाईही नडते. आधी जुना गंज, धूळ आणि ओल काढावी लागते. उष्णता दहा अंशांनी वाढली की राळ साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते, आणि आपली कामं नेमकी मे महिन्यात निघतात. आमच्या गावच्या टाकीवर एका ठेकेदाराच्या माणसाने भर दुपारी दोन्ही डबे एकाच बादलीत ओतले आणि तो जेवायला गेला. घट्ट होताना राळ तापते, आणि मोठ्या गोळ्यातली ती उष्णता बाहेर निघायला वाव नसतो. तो परत आला तेव्हा बादलीतून धूर निघत होता, ब्रश आत उभा रुतला होता.

ती बादली अजून टाकीखाली पडलेली आहे. आतला गोळा तीन पावसाळ्यांत हलला नाही. फक्त उन्हाची बाजू पांढुरकी झाली आहे. हात फिरवला की खडूसारखी भुकटी निघते.