संगणक तांत्रिक साहाय्य प्रशिक्षण

संगणक, त्याला जोडलेली यंत्रे आणि नेटवर्क बंद पडले असता ते पुन्हा चालू करून देणाऱ्या व्यवसायाचे शिक्षण. महाराष्ट्रात ते ‘हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स’ या नावाने ओळखले जाते. तो केलेल्याला, पदवी असो वा नसो, दुकानापासून बँकेपर्यंत सगळे ‘इंजिनिअर’च म्हणतात. एमएस-सीआयटीशी याची नेहमी गल्लत होते. २००१ पासून चालू असलेला तो अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो, दुरुस्त करायला नव्हे.

भारतात संगणकाची देखभाल हा वेगळा धंदा ठरण्यामागे एक राजकीय निर्णय आहे. परकी भांडवलाचा वाटा कमी करण्याची सरकारी अट मान्य न झाल्याने १९७८ मध्ये आयबीएम देशातून निघून गेली. तिची यंत्रे मात्र इथेच राहिली. त्यांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. पुढे १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, सुटे भाग मिळू लागले आणि ‘असेंबल्ड’ संगणकांचा बाजार वाढला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेत अनेकांचे शिक्षण दुकानाच्या काउंटरमागेच झाले. १९४७ मध्ये मुंबईत सुरू झालेली जेटकिंग ही इलेक्ट्रॉनिक्समधली संस्था १९९० च्या सुमारास हार्डवेअर प्रशिक्षणाकडे वळली.

दहावीनंतरचा सरकारी मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून, म्हणजे आयटीआयमधून जातो. तेथे ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेन्टेनन्स’ हा एक वर्षाचा व्यवसाय शिकवला जातो. शेजारच्या वर्गात चालणाऱ्या ‘कोपा’ला (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) विद्यार्थ्यांची पसंती अधिक असली, तरी तो संगणक चालवणाऱ्याचा अभ्यासक्रम आहे. ज्याला संगणक उघडायचा आहे, त्याचे तेथे काम नाही.

प्रात्यक्षिकांची सुरुवात अनेकदा नेटवर्कची केबल क्रिम्प करण्यापासून, म्हणजे तिच्या टोकाला प्लग दाबून बसवण्यापासून होते. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी हा आठ तारांचा टी-५६८-बी क्रम पाढ्यासारखा घोकून घेतला जातो. केबलमध्ये एका रंगाच्या दोन तारांची जोडी एकमेकींना पिळलेली असते आणि यातली मेख हिरव्या जोडीत आहे. तिची एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या, आणि मध्ये निळी जोडी. नवशिका रंगाला रंग लावून हिरव्या दोन्ही तारा शेजारी बसवतो आणि दुसऱ्या टोकालाही तेच करतो. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, केबल ‘पास’ होते. पण तिसऱ्या व सहाव्या जागेवरून एकाच जोडीचा संकेत जातो आणि आता त्या तारा एकमेकींना पिळलेल्या नसतात. केबल लांब असली की नेटवर्क रखडायला लागते आणि दोष स्विचवर ढकलला जातो. साध्या टेस्टरचा हिरवा दिवा कशाची खात्री देतो आणि कशाची नाही, हे या एका चुकीतून जितके कळते तितके पुस्तकाच्या प्रकरणातून कळत नाही.

पुढे एसएमपीएसचे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट मोजणे, संगणक सुरू होतानाचे बीप ऐकून बिघाड ओळखणे, रॅमचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून परत बसवणे (हा उपाय पुस्तकात असो-नसो, प्रत्येक इंजिनिअरच्या खिशात असतो), फॉरमॅट मारण्याआधी डेटाचा बॅकअप घेणे हे सगळे येते. नेटवर्कसाठी पायरी ठरलेली आहे: आधी संगणकाचा स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) बघायचा, मग गेटवेला, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराला पिंग (उत्तर येते का ते पाहणारा संदेश), मग बाहेरच्या पत्त्याला, शेवटी संकेतस्थळाच्या नावाने. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून पत्ता मिळालेला नाही हे तिथेच कळते.

नोकरीत पहिली नेमणूक बहुधा ‘एल-वन’ची, म्हणजे फोनवरची असते. हातात स्क्रू-ड्रायव्हर नाही आणि यंत्र दुसऱ्या गावाला, अशी ती स्थिती.

‘सर, नेट चालत नाही.’

‘मॅडम, स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख कोणती दिसतेय?’

तारीख कितीतरी वर्षे मागची निघते. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलेला असतो, संगणक बंद केला की घड्याळ मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो. नेट व्यवस्थित असते. तारीख विचारायचे सुचले नाही, तर केबल, राउटर, सेवा पुरवणारी कंपनी असे करत कॉल दिवसभर ‘ओपन’ राहतो. प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत याचा सराव खासगी वर्गांत फारच कमी करून घेतला जातो. फोनवर कसे बोलावे याचे ‘सॉफ्ट स्किल्स’चे तास असतात, पण ती वेगळी गोष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांत कॉम्पटिया या संस्थेचे ए-प्लस हे प्राथमिक मानले जाते. ते १९९३ पासून आहे. त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि ते तीन वर्षांसाठी वैध असते. बिघाड शोधण्याची जी पद्धत त्यात शिकवतात, तिची शेवटची पायरी म्हणजे काय बिघडले व कसे सुटले याची नोंद ठेवणे. आपल्याकडे ही पायरी ‘डन’ या एका शब्दात उरकून टिकीट (तक्रारीची नोंद) बंद केले जाते आणि महिन्याभराने तोच बिघाड दुसरा इंजिनिअर पहिल्यापासून शोधत बसतो.

बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये आता रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे खोडरबराचा उपाय चालत नाही. तरीही वर्गात जुने डेस्कटॉप टिकून आहेत, कारण ते हवे तेव्हा बिघडवता येतात. निदेशक सत्र सुरू होण्याआधी एका संगणकाची रॅम सैल करून ठेवतो, दुसऱ्याच्या डिस्कची केबल अर्धवट काढतो, तिसऱ्याच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) बूटचा क्रम, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम बदलतो. चौथ्याला तो हातही लावत नाही. विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ त्या चौथ्यापाशीच घालवतात.