लाउंड्स काउंटीचा शेरीफ जॉन ह्युलेट

शेरीफ म्हटलं की आपल्याला मुंबईचा नगरपाल आठवतो. ते मानाचं पद असतं, अधिकार जवळपास नसतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागातला काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ अगदी वेगळा. त्याला लोक निवडून देतात. काउंटीतला तुरुंग त्याच्या ताब्यात असतो, डेप्युटी, म्हणजे हाताखालचे अधिकारी, तोच नेमतो आणि कोर्टाचा जमीन-घर रिकामं करण्याचा हुकूमही त्याचीच माणसं घेऊन येतात. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीतल्या कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क मिळाला, तेव्हा त्यांची पहिली नजर याच पदावर का गेली, हे समजून घ्यायला एवढी माहिती पुरे.

सेल्मा आणि मॉन्टगोमेरी या दोन शहरांच्या मधला हा भाग काळ्या, चिकट मातीचा आणि कापसाचा. १९६० च्या सुमारास इथे १५ हजारांच्या आसपास वस्ती होती, त्यातले पाचांतले चार कृष्णवर्णीय. बहुतेक जमीन मात्र काही मोजक्या गोऱ्या घराण्यांकडे, आणि बाकीचे त्यांच्याच शेतावर वाट्याने राबणारे. १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत एकाही कृष्णवर्णीयाचं नाव नव्हतं. गोऱ्यांची नावं मात्र यादीत त्यांच्या प्रत्यक्ष संख्येपेक्षा जास्त होती! माणसं मेली किंवा गाव सोडून गेली, तरी नावं कमी होत नसत. या भागाचं नाव ‘ब्लडी लाउंड्स’ पडलं होतं, ते उगाच नव्हे.

जॉन ह्युलेटचा जन्म इथलाच, १९२७ चा. तरुणपणी तो बर्मिंगहॅमला गेला, ओतशाळेत कामाला लागला. तिथे कामगार संघटना आणि नागरी हक्कांची चळवळ अशा दोन्हींचं शिक्षण त्याला मिळालं. १९५९ मध्ये वडील थकले म्हणून तो घरच्या शेतावर परतला. माझ्या मते या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. ह्युलेट कुटुंबाची जमीन स्वतःची होती. वाटेकऱ्याने मतदार नोंदणीच्या कचेरीची पायरी चढली की संध्याकाळपर्यंत मालकाचा निरोप यायचा: घर रिकामं करा. ह्युलेटला असा निरोप धाडणारा मालकच नव्हता. धोका त्यालाही होता, पण पायाखालची जमीन कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

मार्च १९६५ मध्ये काही जण धाडस करून हेनव्हिल या काउंटीच्या मुख्य गावी नाव नोंदवायला गेले. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले, तर नोंदणीचं काम जुन्या तुरुंगाच्या इमारतीत हलवलेलं. तिथे फाशीचा सांगाडा अजून उभा होता. त्या दिवशी दोघांची नावं यादीत चढली. त्यातला एक ह्युलेट. त्याच महिन्यात याच काउंटीतल्या महामार्गावर व्हायोला लिउझो या कार्यकर्तीचा गोळ्या घालून खून झाला. ऑगस्टमध्ये हेनव्हिलमध्ये जोनाथन डॅनियल्स या धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणाला भर दिवसा मारलं गेलं. गोळी झाडणारा हा शेरीफच्या कचेरीशी जोडलेला खास डेप्युटी होता, आणि केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. कायद्याचा रखवालदार कोणाच्या बाजूचा आहे, हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा झाला, केंद्राचे अधिकारी आले, नोंदणी झपाट्याने वाढली. त्याबरोबर हकालपट्ट्याही वाढल्या. बेघर झालेल्या वाटेकरी कुटुंबांसाठी महामार्गालगत तंबूंची वसाहत उभारली गेली. रात्री तिच्यावर गोळीबार व्हायचा, तरी माणसं तिथे दोनेक वर्षं टिकून राहिली. मुलाबाळांसह चिखलात आणि थंडीत तंबूत राहायचं, पण यादीतलं नाव मागे घ्यायचं नाही! या लोकांबद्दल लिहिताना हात जोडावेसे वाटतात.

नागरी हक्क चळवळीतला तरुण कार्यकर्ता स्टोकली कारमायकल आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मदतीने स्थानिक लोकांनी काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढला. ह्युलेट त्याचा अध्यक्ष. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागे. चिन्हावर शिक्का मारण्याची पद्धत आपल्याकडेही याच कारणाने आली. अलाबामातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा होतं, आणि त्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा असे. नव्या पक्षाने काळा पँथर निवडला. डिवचलं नाही तर वाटेला न जाणारा, कोपऱ्यात कोंडलं की उलटणारा प्राणी, असा त्याचा अर्थ ह्युलेट सांगत असे. पुढे ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने हेच चिन्ह घेतलं आणि जगाला तेवढंच लक्षात राहिलं. लाउंड्सचे शेतकरी विसरले गेले.

शेरीफपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उभं राहण्याचं शुल्क ५० डॉलरवरून ५०० करण्यात आलं होतं. या लोकांनी तो रस्ताच सोडला. ज्यांनी कधी मत दिलं नव्हतं, त्यांच्यासाठी शेरीफ काय करतो, कर आकारणी कोण करतं, हे सांगणाऱ्या चित्रपुस्तिका छापून घरोघर वाटल्या. ३ मे १९६६ ला हेनव्हिलच्या चर्चच्या आवारात सुमारे ९०० जणांनी स्वतःचे उमेदवार निवडले. नोव्हेंबरमध्ये मात्र सगळे पडले. जमीनदारांनी आपल्या वाटेकऱ्यांना गाड्यांत भरून मतदानाला आणलं होतं. पायाखाली जमीन नसली की मतही पुरतं स्वतःचं राहत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

१९७० मध्ये ह्युलेट स्वतः उभा राहिला आणि शेरीफ झाला. त्या पदावर तो २२ वर्षं राहिला. पोलिसांची दहशत संपणं ही इथल्या लोकांसाठी फार मोठी गोष्ट होती. पण जमीन आणि नोकऱ्या होत्या त्याच हातांत राहिल्या. निवडून आलेले नेते हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेहमीच्या राजकारणात मिसळले, पुढचे अभ्यासक त्यावर टीकाही करतात, आणि ती रास्त आहे. आजही लाउंड्समधल्या कित्येक घरांचं सांडपाणी उघड्यावर साचतं, कारण त्या चिकट मातीत ते मुरत नाही आणि महागडी टाकी बसवायला पैसे नाहीत.

शेरीफपदानंतर ह्युलेट काउंटीचा प्रोबेट न्यायाधीश, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसाची प्रकरणं पाहणारा न्यायाधीश, झाला. अलाबामात काउंटीतल्या निवडणुकांची प्रमुख जबाबदारी याच पदाकडे असते. २००६ मध्ये त्याचं निधन झालं.