ग्रहण, परातीतलं मुसळ आणि जेऊर

ग्रहण लागलं की परातीत पाणी घ्यायचं आणि त्यात मुसळ उभं करायचं. आधाराशिवाय उभं राहिलं की ग्रहण लागलं, आडवं झालं की सुटलं. आजीच्या पिढीतल्या कित्येक मुलांच्या वाट्याला सूर्यग्रहण आलं ते एवढंच. (बूड सपाट असेल तर मुसळ कुठल्याही दिवशी उभं राहतं, पण इतर दिवशी तसं करून बघायला कोण बसतंय?) दारं-खिडक्या बंद, दुधातुपावर तुळशीपत्र, गरोदर बाईने चिरायचं-कापायचं नाही. बाहेरून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी आली की धान्य, जुनेर घातलं जाई. ही आरोळी कोणाच्या तोंडी होती तेही मुलांना सांगायला हवं. सावली सूर्यावर पडायची आणि तिचा विटाळ गावकुसाबाहेरच्यांनी न्यायचा.

राहूची गोष्टही आपल्याकडे अगदी गावांच्या पत्त्यासकट आहे. मोहिनीने अमृत वाटलं ते नेवाशात, राहूचं शिर पडलं राहुरीला आणि काया कायगावला, असं नगरकडे सांगतात. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. तिचा त्रास नाही, त्रास आहे तो कोंडून ठेवण्याचा.

कारण ज्या पंचांगातून ग्रहणाच्या वेळा घरोघर कळत, त्याचं गणित राहूच्या भरवशावर नव्हतंच. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं होतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. ‘ज्या-चापां’ची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट आकडेमोड टाळून केलेल्या या ग्रंथावर पुढे कित्येक पिढ्या पंचांगं निघाली. म्हणजे जोशीबुवा सावलीचा हिशेब करून स्पर्श, मध्य, मोक्ष काढत आणि त्याच पानावर वेध लिहीत. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधीपासून, पण मुलं, म्हातारे आणि आजारी यांना सवलत. पोराला बारा तास उपाशी ठेवता येत नाही, हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक होतं!

महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण गेलं ते २२ जानेवारी १८९८ ला. सावलीचा पट्टा विजयदुर्गापासून जेऊर, पुलगाव असा ईशान्येकडे निघाला. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ आला. हेलियमचा शोध त्याने १८६८ मध्ये याच किल्ल्यावर लावला असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. पण त्या वर्षी तो इंग्लंडातच होता आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच जान्सेन. जेऊरची गोष्ट मात्र निखळ आपली असूनही फारशी कोणी सांगत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला वर्णपटाची उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही तिथेच होता. खग्रास स्थिती टिकली ती जेमतेम दोन मिनिटं.

पुढे १६ फेब्रुवारी १९८० ला कर्नाटक-आंध्रातून खग्रास पट्टा गेला. मुंबईत ग्रहण खंडग्रास होतं, तरी रस्ते ओस पडले आणि लोकांनी घरातच थांबावं म्हणून दूरदर्शनने भरदुपारी हिंदी सिनेमा दाखवला. २४ ऑक्टोबर १९९५ ला दिवाळीतल्या अमावास्येच्या सकाळी त्याच दूरदर्शनने ग्रहणच थेट दाखवलं. पंधरा वर्षांतला हा बदल मला मोठा वाटतो. अर्थात सगळीकडे तो पोचला नाही. २६ डिसेंबर २०१९ ला महाराष्ट्रात शाळेची मुलं ग्रहणाचे चष्मे लावून रांगेत उभी होती, तेव्हा कलबुर्गीजवळ एका गावात दिव्यांग मुलांना बरं वाटावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं.

धोका खरा आहे, तो डोळ्यांना. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब यांपैकी काहीही चालत नाही. प्रमाणित चष्मा हवा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर सूर्य पाडावा. लहान मुलांना तर आंब्याखालीच न्यावं. पानांच्या फटींतून एरवी गोल कवडसे पडतात, ग्रहणात जमिनीवर शेकडो कोरी पसरतात, आणि पोरं त्या तळहातावर झेलत बसतात.

महाराष्ट्रात पुढचं खंडग्रास सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आहे. दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणजे घरात दिव्यांची पूजा, बाहेर गटारी आणि वर पावसाळी ढग.