हट्टीची सोन्याची खाण : सहलीला निघण्यापूर्वीची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुटीत गाणगापूर, गुलबर्ग्यापर्यंत जाणाऱ्या लातूर-धाराशिवच्या मंडळींनी आणखी एक मुक्काम वाढवला, तर रायचूर जिल्ह्यातील हट्टी हे गाव पाहून होते. सोन्याची खाण म्हटली की आपल्याकडे कोलारचे नाव निघते. परंतु कोलारची खाण २००१ मध्ये बंद पडली आणि हट्टीची आजही चालू आहे. शिवाय हा मुलूख आपल्याला परका नाही. निजामाच्या राजवटीत उस्मानाबाद आणि रायचूर हे जिल्हे एकाच गुलबर्गा सुभ्यात मोडत असत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्याकडे आणि रायचूर म्हैसूरकडे गेले, तेव्हा त्यांची वाटणी झाली.

मराठवाड्याचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्यात सोन्याच्या शिरा सापडत नाहीत. हट्टीचा खडक त्याहून कितीतरी जुना, अडीचशे कोटी वर्षांपलीकडचा. त्यातील गारगोटीच्या शिरांमध्ये सोने मिळते. प्राचीन खाणकामगार खडक आगीने तापवून, त्यावर पाणी ओतून तो तडकवीत आणि दगडी उखळांत कुटून सोने वेगळे करीत. जुन्या कामातील लाकडाचा काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ठरला असून तो पैठणच्या सातवाहनांच्या काळाशी जुळतो.

जवळच्या मस्की येथे १९१५ मध्ये बीडन नावाच्या खाण अभियंत्याला एक शिलालेख आढळला. तोवर मिळालेल्या लेखांत राजाचा उल्लेख ‘देवानंपिय पियदसि’ एवढाच येत होता. येथे प्रथमच ‘असोक’ हे नाव स्पष्ट वाचता आले. सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या माणसाच्या हाती सम्राट अशोकाचे नाव लागावे, ही या परिसरातील सर्वांत मोलाची प्राप्ती म्हणावी लागेल.

कृष्णा-तुंगभद्रेच्या या दोआबासाठी, म्हणजे दोन नद्यांमधील प्रदेशासाठी, बहमनी आणि विजयनगर पिढ्यान्‌पिढ्या लढले. १४०६ च्या युद्धाचे कारण याच परिसरातील मुदगल गावच्या एका सोनाराची मुलगी होती, असे फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. कथा रंगवलेली असावी. सुपीक जमीन आणि किल्ले एवढे कारण पुरेसे होते.

आधुनिक खाणकामाची सुरुवात मात्र घोटाळ्याने झाली. १८८६ मध्ये निजाम सरकारने राज्यातील खनिजांचे हक्क ९९ वर्षांसाठी दिले आणि त्यांवर लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. तिच्या भागभांडवलाच्या व्यवहारात दरबारातील वजनदार अधिकारी अब्दुल हक यांचे हात गुंतलेले निघाल्याने १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. रयतेच्या जमिनीखालील संपत्तीचा सौदा रयतेला न विचारता परदेशी झाला, हे त्या प्रकरणाचे खरे स्वरूप. विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टीत यंत्रे आली, पण १९२० च्या सुमारास काम थांबले. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तीच पुढे कर्नाटक सरकारची हट्टी गोल्ड माइन्स बनली.

खाण चालू असल्याने कंपनीच्या परवानगीशिवाय भूगर्भात उतरता येत नाही. मस्कीचा लेख आणि मुदगलचा किल्ला याच परिसरात आहेत; मे महिन्यात रायचूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते सकाळी लवकर पाहून घ्यावेत.