सगळेच पॅच निकोटिनच्या पॅचसारखे नसतात

ठाण्यात नौपाड्यात माझे औषधांचे दुकान आहे आणि गेल्या काही महिन्यांत एकच चित्र कितीतरी गिऱ्हाइकांनी मला मोबाइलवर दाखवले आहे: बोटाच्या टोकावर ठेवलेली नाण्याएवढी पट्टी आणि तिच्याखाली ‘आता इन्शुलिनचे इंजेक्शन विसरा’ ही ओळ. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. “दादा, सिगारेट सोडायला लावतात तोच ना हा पॅच?” तो नाही. चित्रातला पॅच सूक्ष्मसुयांचा, म्हणजे अगदी बारीक, आखूड सुया असलेला. दोन्हींना पॅच म्हणतात आणि दोन्ही कातडीला चिकटतात, पण औषध आत जाण्याची वाट दोघांची पूर्ण वेगळी आहे, आणि ही वाट न समजल्यामुळेच बाकीचे सगळे गैरसमज होतात.

नेहमीचा पॅच बहुतेकांच्या ओळखीचा आहे. अमेरिकेत अशा पहिल्या पॅचला १९७९ मध्ये मान्यता मिळाली. प्रवासातील मळमळ टाळण्यासाठी कानामागे लावायचा तो स्कोपोलामिनचा पॅच होता. नंतर हृदयरुग्णांसाठी नायट्रोग्लिसरीनचा, तीव्र वेदनांसाठी फेंटानिलचा आणि निकोटिनचा पॅच आला.

खरा मुद्दा कातडीचा आहे. तिच्या सर्वांत वर मृत पेशींचा एक थर असतो, जाडीला अवघा १० ते २० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. मात्र विटांच्या भिंतीत चुना भरावा तशी या पेशींमध्ये चरबी भरलेली असते आणि त्या चरबीतून वाट काढता येईल असेच रेणू पलीकडे पोहोचतात. ते लहान हवेत, साधारण ५०० डाल्टनच्या आतले (डाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक), आणि चरबीत बऱ्यापैकी विरघळणारेही हवेत. निकोटिनचा रेणू १६२ डाल्टनचा आहे, फेंटानिलचा सुमारे ३३६ चा, आणि इन्शुलिनचा सुमारे ५,८०० चा. त्यामुळे नेहमीच्या पॅचमध्ये इन्शुलिन कितीही भरले आणि गोंद कितीही उत्तम वापरला, तरी ते बाहेरच राहणार. ‘एवढी वर्षे कंपन्यांनी इन्शुलिनचा साधा पॅच का काढला नाही’ असे चिडून विचारणाऱ्यांना मी हा एकच आकडा सांगतो.

सूक्ष्मसुयांचा पॅच ही भिंत झिरपत ओलांडत नाही, तिला भोके पाडतो. बहुतेक सुया एक मिलिमीटरहून आखूड असतात. वरचा थर पार होतो, पण वेदना पोहोचवणाऱ्या बहुतेक मज्जातंतूंच्या टोकांना धक्का लागत नाही. सुयांचे प्रकार अनेक आहेत, औषधाचा लेप दिलेल्या, पोकळ, विरघळणाऱ्या. माझी पसंती विरघळणाऱ्यांना, कारण वापरानंतर कचऱ्यात टोकदार काही उरत नाही.

आता लोक जिथे हमखास चुकतात ती गोष्ट. नेहमीच्या पॅचमध्ये औषधाचा वेग ठरवण्यात कातडीचा मोठा वाटा असतो. फेंटानिलचा पॅच लावला की रक्तातील पातळी स्थिरावायला १२ ते २४ तास जातात, आणि काढल्यावरही कातडीत साठलेले औषध बराच काळ रक्तात उतरत राहते. कोपरीहून येणारे एक गृहस्थ आईचा जुना पॅच न काढताच शेजारी नवा लावत होते, “उरलेले औषध वाया कशाला घालवायचे” म्हणून. शिवाय पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी होतीच. उष्णतेने फेंटानिल अधिक वेगाने शोषले जाते आणि श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. पॅच म्हणजे बाम नव्हे, हे मी त्यांना जरा आवाज चढवूनच सांगितले.

सूक्ष्मसुयांच्या बाबतीत वेग सुईच्या पदार्थावर अवलंबून असतो. सावकाश विरघळणाऱ्या सुयाही बनवता येतात, पण बऱ्याच पॅचचे काम काही मिनिटांत उरकते. म्हणून तिथला प्रश्न वेगळा असतो: इवल्याशा टोकांवर औषध मावणार किती? पाचशे मिलिग्रॅम पॅरासिटामॉलचा विचारच सोडा. इन्शुलिनच्या ४० युनिटांचे वजन जेमतेम १.४ मिलिग्रॅम भरते, पण जेवणागणिक बदलणारी मात्रा दर वेळी नेमकी आत जाणे ही अवघड गोष्ट आहे. अर्धशिशीवरील झोल्मिट्रिप्टानच्या सूक्ष्मसुयांच्या पॅचला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये मान्यता नाकारली, तेव्हा वेगवेगळ्या व्यक्तींच्या रक्तातील औषधाच्या प्रमाणात आढळलेली तफावत हा एक आक्षेप होता.

लसीला मात्र मायक्रोग्रॅम पुरतात आणि कातडीत रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते, म्हणून या तंत्राची खरी मजल लसींमध्ये दिसते. गांबियात गोवर-रुबेला लसीचा असा पॅच नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना पाच मिनिटे लावण्यात आला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोवराविरुद्धची प्रतिपिंडे पॅच लावलेल्या बाळांपैकी ९३ टक्क्यांत, तर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९० टक्क्यांत तयार झाली. या कल्पनेचे पेटंट १९७६ चे आहे, हे ‘कालच लागलेला शोध’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दंडावर चिकटवायचा साखर मोजणारा सेन्सर यांपैकी कशातच मोडत नाही. तो फक्त मोजतो, औषध देत नाही. ब्यूटी पार्लरमधल्या सुयांच्या रोलरलाही पॅच म्हणू नये.

ठेवण्याची पद्धतही निराळी आहे. मे महिन्यातल्या घामाने नेहमीच्या पॅचची कड सुटते, तेव्हा कडेला वैद्यकीय टेप लावून भागते. विरघळणाऱ्या सुया मुळात पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांच्या असतात. जूनमध्ये ठाण्याच्या दमट हवेत पाकीट आधीच फोडून ठेवले, तर त्या ओल शोषून मऊ पडतात आणि कातडीत शिरण्याऐवजी वाकतात.