एस्ट्रिन–बर्लिनर डाव

पाचव्या जागतिक टपाली बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेत (१९६५–६८) याकोव्ह एस्ट्रिन (पांढरी मोहरी) व हान्स बर्लिनर (काळी मोहरी) यांच्यात झालेला आणि काळ्याने ४२ खेळ्यांत जिंकलेला डाव. बर्लिनर १६ पैकी १४ गुण मिळवून विजेते ठरले. एस्ट्रिन यांना तो मान पुढे सातव्या स्पर्धेत लाभला.

डावाचा प्रारंभ दोन घोड्यांच्या बचावाचा (काळा सुरुवातीलाच दोन्ही घोडे बाहेर काढतो, ती पद्धत), म्हणजे खेळाडूंच्या बोलण्यातल्या ‘टू नाइट्स’चा असून या बचावाचे जाणकार म्हणून खुद्द एस्ट्रिन यांचाच मोठा लौकिक होता. पाचव्या खेळीत काळ्याने प्यादे बी५ (अक्षर उभ्या स्तंभाचे, अंक आडव्या ओळीचा) या घरावर सारले, तर त्या प्रकारास ओलाफ उल्व्हेस्टाड यांचे नाव देतात. त्याऐवजी घोडा डी४ वर नेल्यास तो अलेक्झांडर फ्रिट्झ यांचा मानतात, व तो ऑस्ट्रियन बुद्धिबळपटू कार्ल श्लेख्टर यांच्या १९०४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या लेखनामुळे परिचित झाला, असे सांगितले जाते. मात्र बी५ नंतर घोडा डी४ वर आला की दोन्ही वाटा बहुधा एकाच स्थितीला मिळतात. त्यामुळे काही लेखक या डावाला उल्व्हेस्टाड, तर काही फ्रिट्झ प्रकारात घालतात. खेळ्यांचा प्रत्यक्ष क्रम पाहता पहिले नाव ग्राह्य असले, तरी स्थितीचा स्वभाव ओळखायला दुसरेच अधिक उपयोगी पडते.

दहाव्या खेळीत काळ्याचा डी४ वरील घोडा व जी४ वरील उंट हे दोन्ही प्याद्यांच्या माऱ्यात असताना बर्लिनर यांनी कोणतेच मोहरे न हलवता प्यादे ई४ वर ढकलले. घोडा गेला, किल्लेकोटाचा (राजा व हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित करण्याचा) हक्कही गेला. मोबदल्यात पांढऱ्या राजावर चाल करून जाण्याची संधी मिळाली.

नूतन बुद्धिबळ मंडळ ही संस्था व बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकर यांच्यामुळे बुद्धिबळाची पंढरी म्हणवल्या जाणाऱ्या सांगलीत हा डाव नवोदितांपुढे मांडायचा, तर हल्ल्याआधी त्याचा शेवट दाखवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २८ व्या खेळीनंतर पटावर दोन्हीकडे राजा, एकेक हत्ती व प्यादी एवढेच उरते. तेथे बर्लिनर एफ७ वरचे प्यादे वाचवत बसत नाहीत. ते सोडून देऊन राजाला डी६, ई५, डी४ असे चालवत पांढऱ्याचे डी३ वरचे प्यादे टिपतात. राजा सी२ वर पोचतो, बी-स्तंभातले प्यादे पुढे सरकते, आणि ते बी३ वर येताच एस्ट्रिन डाव सोडतात.