रोटेट व रिव्हॉल्व्ह

‘फिरणे’ या अर्थाची दोन इंग्रजी क्रियापदे. खगोलशास्त्रीय संकेतानुसार वस्तू स्वतःच्या अक्षाभोवती फिरत असेल तर रोटेट आणि दुसऱ्या वस्तूभोवती फिरत असेल तर रिव्हॉल्व्ह. मराठी शालेय भूगोलात यांना अनुक्रमे परिवलन व परिभ्रमण म्हणतात. अक्षीय भ्रमण व कक्षीय भ्रमण या संज्ञाही रूढ आहेत. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीचे एक परिवलन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत, तर परिभ्रमण सुमारे ३६५.२५६ दिवसांत पुरे होते. चंद्राला दोन्हींस सारखाच वेळ, सुमारे २७.३ दिवस, लागतो.

रोटेटच्या मुळाशी लॅटिन रोटा म्हणजे चाक. संस्कृत ‘रथ’ त्याच कुळातला. रिव्हॉल्व्ह हा व्होल्व्हेरे (लोळवणे, गुंडाळणे) या धातूला ‘पुन्हा, मागे’ अशा अर्थाचा उपसर्ग लागून झाला. या धातूचा संबंध संस्कृत ‘वल्’शी व पर्यायाने मराठी ‘वळणे’शी जोडला जातो. तो ग्राह्य धरल्यास परिवलन हा शब्द धातूच्या नात्याने रिव्हॉल्व्हचा भाऊबंद, पण अर्थाने रोटेटचा प्रतिशब्द ठरतो. संज्ञा ठरतात त्या वापराने, व्युत्पत्तीने नव्हे, याचे हे बोलके उदाहरण.

इंग्रजीत रिव्हॉल्व्ह जुना, साधारणपणे चौदाव्या शतकाच्या अखेरचा. रोटेशन हे नाम सोळाव्या शतकातले. रोटेट हे क्रियापद त्यावरून बरेच नंतर, बहुधा अठराव्या शतकाच्या शेवटी, घडले असावे. त्यामुळे जुन्या लेखनात आजचा भेद शोधू नये. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या लॅटिन शीर्षकातील ‘रेव्होल्युतिओनिबुस’ हे पद खगोलांच्या, म्हणजे ग्रहांना वाहून नेतात असे तेव्हा मानल्या गेलेल्या गोलांच्या, फिरण्याविषयी आहे. गोल स्वतःभोवती फिरतो आणि त्यात बसलेला ग्रह मात्र मध्याभोवती जातो. एकाच गतीला दोन्ही शब्द लागू पडतात. आजच्या भेदाचे बीज या दुहेरीपणात असावे, हे मत पटण्याजोगे वाटते.

भारतीय ज्योतिषातही मोजणीपुरता हा भेद शब्दाने केलेला नाही. आर्यभटाच्या आर्यभटीय या ग्रंथात एका युगातील सूर्याचे ४३,२०,००० भगण (ताऱ्यांच्या संदर्भातल्या पूर्ण फेऱ्या) आणि पृथ्वीची पूर्वेकडची १,५८,२२,३७,५०० आवर्तने एकाच यादीत, ‘भगण’ याच संज्ञेखाली येतात. दोहोंची वजाबाकी केली की युगातील सावन दिवस (सूर्योदय ते सूर्योदय असे दिवस) मिळतात: १,५७,७९,१७,५००.

यंत्रशास्त्रात संकेत सैल आहे. इंजिनाचा दंड रोटेट होतो, पण त्याचे फेरे मिनिटागणिक ‘रेव्होल्युशन्स’मध्ये मोजतात. कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या पिस्तुलाच्या प्रकाराला रिव्हॉल्व्हर म्हणतात. त्याचे नळकांडे स्वतःच्या अक्षाभोवतीच फिरते. त्या अक्षाभोवती फेरी घालतात ती गोळ्यांची घरे.